विणकराला दोन मुली होत्या

"एका गावात एक विणकर राहत होता. विणकराला दोन मुली होत्या." अशा गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पहिल्या वाक्यात विणकराआधी 'एक' होता, दुसऱ्यात तो गळला. तरी "कुठल्या विणकराला?" असं तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या विणकराला 'अ' लागतो आणि दुसऱ्याला 'द'.

म्हणजे ओळखीचा विणकर आणि बिनओळखीचा विणकर हा भेद आपल्याला कळतो. आपण तो दर वेळी शब्दाच्या डोक्यावर बांधत नाही, एवढंच. आपल्या या सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड आणि बाजारात मराठी, असा संसार चालतो. एक, ओक, ओंदु असे 'एक' तिन्ही भाषांत आहेत. 'द'सारखं उपपद एकीतही नाही. आणि इंग्रजीचा 'अ' हासुद्धा मुळात झिजलेला 'एक'च, 'वन'चा सख्खा भाऊ.

आपली पहिली चूक 'आय बॉट टॉवेल' ही. मोजता येणारं सामान्यनाम एकवचनात असेल तर इंग्रजीत ते उघडं फिरत नाही. त्याच्या अंगावर 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी हवंच. अपवाद आहेत. 'गो टु स्कूल' म्हणजे शिकायला जाणं. पालक फी भरायला जातात तेव्हा 'गो टु द स्कूल'. चटणी मोजता येत नाही, तिला 'अ'ची सक्ती नाही. 'आय ॲम टीचर' मात्र चालत नाही, आणि हे मी शिक्षकांच्याच अर्जांत वाचलंय.

दुसरी चूक माझी स्वतःची. मी नोकरीला लागलो तो एका टॉवेल कारखान्यात, इंग्रजी पत्रं लिहायला. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं आणि चार गाठी भिजल्या. मी परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळवलं, 'द टॉवेल्स आर वेट.' माझ्या मनात मराठी वाक्य होतं, 'टॉवेल भिजलेत.' त्यात किती भिजले ते उघडंच राहतं. पण अनेकवचनाला 'द' लावला की अर्थ होतो, ज्यांची आपली बोलणी चाललीत ते सगळे. त्यानं अख्खी ऑर्डर थांबवली. 'सम' हा एक शब्द लिहिला असता तर भागलं असतं. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शाळेत शिकवतात, पहिल्यांदा 'अ', दुसऱ्यांदा 'द'. अर्धंच खरं आहे ते. 'स्टेशनवर मी एका रिक्षात बसलो, ड्रायव्हरनं विचारलं, कुठं?' इथं ड्रायव्हर पहिल्यांदाच आला, तरी इंग्रजीत तो 'द ड्रायव्हर'च. रिक्षा म्हटलं की ड्रायव्हर आलाच, तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आधीच बसलेला असतो. तेव्हा शब्द कितव्यांदा आला ते मोजू नका. समोरच्याला 'कुठला?' असं विचारावं लागेल का, ते बघा.

'अ' की 'ॲन', यावर मुलं उगाच रडतात. इथं तर आपलं पारडं जड आहे! शब्द देवनागरीत लिहून काढा. अवर, ऑनेस्ट, एमएलए यांची सुरुवात स्वरानं, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी 'य'नं सुरू होते, वन-वे 'व'नं, हँडलूम 'ह'नं, त्यांना 'अ'. इंग्रजी स्पेलिंग फसवतं, देवनागरी फसवत नाही.

या 'न'ची एक गंमत या गावात सांगितलीच पाहिजे. स्वयंपाक करताना बांधतात तो एप्रन. 14व्या-15व्या शतकातल्या इंग्रजीत त्याचं नाव होतं 'नेप्रन'. 'अ नेप्रन' भरभर बोलताना लोकांना 'ॲन एप्रन' ऐकू येऊ लागलं आणि शब्दाचा 'न' कायमचा उपपदाच्या पदरात गेला. त्याच घराण्यातला, कापड अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आलेला दुसरा शब्द मात्र आपला 'न' घट्ट धरून बसला. तो तुम्ही सगळे ओळखता. आपल्या मागांवर रोज निघतो, नॅपकिन.