जॅकेटचं माप बसून घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातली संध्याकाळ जरा गार होते आणि कपाटातले स्वेटर-मफलर बाहेर निघतात. अलीकडे त्यांच्या जोडीला चामड्याचं जॅकेट आलंय. तरुण पोरंपोरी ते हौसेनं मापाचं शिवून घेतात. मला याचा आनंद आहे. मापाचं शिवलेलं अंगाला जसं बसतं तसं तयार कधीच बसत नाही. पण शर्ट शिवायला टाकतो तसं चामड्याचं जॅकेट टाकून चालत नाही. म्हणून आज मुख्य गोष्ट एकच सांगणार आहे, आणि ती परत परत सांगणार आहे. जॅकेट घालून तुम्ही जे करणार, ते करता करता माप घ्या. गाडी चालवायची असेल तर गाडीवर बसून माप घ्या. उभ्यानं घेतलेलं माप आरशापुरतं खरं असतं.

हे मला एका मास्तरांनी दाखवलं. ती हकिकत सांगायलाच हवी.

आमच्या शेजारचा एक मुलगा पुण्याला नोकरीला आहे. शनिवारी बुलेटवर येतो, सोमवारी पहाटे अंधारात निघतो. त्यानं एका कंपनीकडं जॅकेट मागवलं. फॉर्मवर साइज विचारली होती, यानं शर्टाची लिहिली, चाळीस. जॅकेट आलं. आरशासमोर उभा राहिला तर देखणा दिसत होता, त्याच्या आजीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. सोमवारी पहाटे निघाला. मोहोळपर्यंत ठीक होतं. पुढं टेंभुर्णी ओलांडून भीमानगरच्या पुलावर उजनीचं गार वारं सुटलं आणि पोराला कळलं की आपली मनगटं उघडी आहेत. हँडल धरलं की बाही वर सरकायची. पुढं वाकलं की पाठीमागून जॅकेट उचललं जायचं आणि कमरेला वारं लागायचं. पोटावर झिप दुमडून वर यायची, कॉलर हनुवटीखाली रुतायची. पुढच्या शनिवारी जॅकेट घेऊन माझ्याकडं आला. "काकू, बाही तेवढी दोन इंच सोडून द्या की."

मी शिवणकाम शिकवते, पण चामडं हा माझा प्रांत नाही. मी त्याला पूर्व भागातल्या एका मास्तरांकडं घेऊन गेले. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि उभा जन्म युनिफॉर्मच्या कटिंगमध्ये गेलेला. सोलापूर म्हटलं की लोक चादर म्हणतात, टॉवेल म्हणतात. पण शाळा-कंपन्यांचे युनिफॉर्म सोलापुरात किती शिवले जातात आणि बाहेर किती जातात, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. अशा मास्तरांच्या हाताखाली शिकायला आज पोरं बसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. एक चांगला कटिंग मास्तर तयार व्हायला वर्षं लागतात आणि आपण ते कसब असंच हातचं घालवतोय.

तर मास्तरांनी जॅकेट हातात घेतलं, बाहीची कड उलटी केली आणि मान हलवली. मग खणातून चामड्याचा एक तुकडा काढला. मशीनवर एक शिवण मारली आणि ब्लेडनं उसवली. दोरा ओढून टाकला आणि तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला. श्रोतेहो, एका ओळीत उजेडाचे ठिपके दिसत होते. सुई जिथं जिथं गेली, तिथं तिथं भोक. मास्तर म्हणाले, "कापडाचा धागा सुईला वाट देतो आणि परत मिटतो. हे मिटत नाही. आतली माया, म्हणजे शिवणीपलीकडं दुमडलेलं जादा चामडं, सोडून बाही वाढवली तर जुनी शिवण भोकांसकट बाहेर दिसणार. आणि यात माया आहेच कुठं सोडायला?" खरंच, आतली कड जेमतेम बोटभर, तीही चिकटवून टाकलेली. चामड्याचं जॅकेट थोडंफार आत घेता येतं, पण सोडता येत नाही. हे लक्षात ठेवा, सोडता येत नाही.

ते जॅकेट धाकट्या भावाला गेलं आणि नवीन शिवून घ्यायचं ठरलं. आजीबाई म्हणाल्या, "या खेपेला जरा वाढत्या अंगाचं शिवा." मास्तर त्यांना आदरानं म्हणाले, "अम्मा, वाढत्या अंगाचं शाळेच्या पोराला शिवायचं. चामडं घालून घालून कोपरात आणि पाठीत आपोआप सैल होतं. आधीच सैल शिवलं तर वर्षभरात लोंबायला लागेल."

मग ते मुलाला म्हणाले, "गाडी गल्लीत आण. आणि पहाटे जे स्वेटर घालतोस ते घालून ये." तो आला. मास्तरांनी आधी उभ्यानं बाही मापली. मग गाडीकडं बोट करून म्हणाले, "कूर्चो." म्हणजे बस. "हँडल धर. रस्त्याकडं बघ, माझ्याकडं बघू नको." आणि खांद्याच्या हाडावर टेप ठेवून, वाकलेल्या कोपरावरून घेत मनगटाच्या हाडापर्यंत आणली. तोच हात, तीच टेप, आणि माप जवळजवळ दोन इंचांनी वाढलं. पाठीचंही तसंच. दोन्ही हात पुढं गेले की पाठ रुंदावते, हे आपण आरशात कधी बघतच नाही.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या मापानं त्यांनी आधी मांजरपाटाचं, म्हणजे साध्या सुती कापडाचं, नमुन्याचं जॅकेट बेतलं. पांढरंफेक, अस्तर नाही, पुढं कच्ची झिप. ते त्या पोराच्या अंगात घातलं आणि म्हणाले, "चल, अक्कलकोट रोडला चक्कर मारू." आणि सत्तरी ओलांडलेला माणूस खिशात निळा खडू टाकून बुलेटवर मागं बसला. गल्लीतली लहान पोरं आरडाओरडा करत मागं धावली. एमआयडीसीपर्यंत गेले आणि परत आले. येताना मास्तर मागं बसून खडूनं रेघा ओढत होते. पाठीवर कापड जिथं ताणलं तिथं रेघ, काखेत जिथं चुणी पडली तिथं रेघ, बाही जिथं थांबली तिथं गोल. उतरल्यावर ते पांढरं जॅकेट निळ्या रेघांनी भरलेलं होतं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं. रेघ ताणाची होती तिथं उसवून पट्टी जोडली, रेघ चुणीची होती तिथं कात्री चालवली. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल, वर उचलला, अगदी काखेजवळ आणला. पोरगा म्हणाला, "मास्तर, काखेत घट्ट होईल की." मास्तर म्हणाले, "हात वर कर." हात वर गेला आणि जॅकेट जागचं हललं नाही. मुंढा खोल असला की हाताबरोबर सगळं जॅकेट वर येतं. पहिल्या जॅकेटची खरी खोट तीच होती. बाही दोन इंच वाढवूनही ती गेली नसती.

ते मांजरपाटाचं जॅकेट आणि मापाचा कागद असं दोन्ही चामड्याचं काम करणाऱ्याकडं गेलं. जॅकेट आलं, ते घालून तो आजही पुण्याला जातो. मास्तरांनी पैसे घेतले ते फक्त मांजरपाटाचे. मी भांडले, त्यांनी ऐकलं नाही.

आता मापांविषयी. शिलाईचं ज्ञान घरोघरी आहे, त्यामुळं छाती, कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, कशी घ्यायची हे सांगत बसत नाही. फक्त एक सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. अंगाचं माप वेगळं, जॅकेटचं माप वेगळं. छाती अडतीस असेल तर जॅकेट एक्केचाळीस-बेचाळीस होतं. चामडं पातळ असलं तर तीन इंच सैल पुरतं, जाड असलं तर चार. आत स्वेटर घालणार असाल तर ते घालूनच टेप लावा. आता तुम्ही स्वतःच चार इंच मिळवून बेचाळीस लिहिलंत, आणि शिवणाऱ्यानं ते अंगाचं समजून त्यात आणखी चार मिळवले, तर काय होईल? म्हणून कागदावर स्पष्ट लिहा, हे अंगाचं माप आहे की जॅकेटचं. परत सांगते, अंगाचं माप वेगळं, जॅकेटचं माप वेगळं. बाहेरगावचा कारागीर सेंटिमीटर मागत असेल तर टेपची दुसरी बाजू वापरा, गुणाकार करत बसू नका.

उंची मानेमागच्या उंच मणक्यापासून घ्या. गाडीसाठीचं जॅकेट पुढून पट्ट्यापाशी संपायला हवं. लांब झालं तर बसल्यावर मांडीवर टेकतं आणि सगळं वर ढकललं जातं. मुलींचं थोडं वेगळं आहे. स्कूटीवर आपण ताठ बसतो, बाहीला तेवढी जास्त लांबी लागत नाही, पण आत कुर्ता असतो. तेव्हा सीटचं माप कुर्त्यावरून द्या आणि छातीबरोबर छातीखालचंही द्या.

चामडं कोणतं? मिरवायला, लग्नाला, गड्ड्यावर फिरायला मेंढीचं. मऊ आणि हलकं असतं, मिलिमीटरहूनही पातळ. मेंढीचं कातडं लहान असतं, म्हणून पाठीत जोड येतो, त्याला दोष समजू नका. शेळीचं पातळ असूनही चिवट. हायवेवर रोजची गाडी असेल तर मात्र गाई-म्हशीचं, मिलिमीटरहून थोडं जास्त जाडीचं घ्या. रस्त्यावर घसरलात तर मेंढीचं चामडं पटकन फाटतं. आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी सांगते आहे. मुलगा गाडीसाठी जॅकेट मागतोय की फोटोसाठी, हे विचारा, आणि गाडीसाठी असेल तर पैशाकडं बघू नका. खांद्याला, कोपराला आणि पाठीला संरक्षक पॅड बसवण्याचे खिसे आतून करून घ्या. पॅड कोपरावर बसतंय की नाही, हेही गाडीवर बसूनच बघा. उभं असताना कोपरावर असलेलं पॅड बसल्यावर दंडाकडं सरकतं.

बाकी गोष्टी भराभर सांगते. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा अस्तर सुती घ्या. सॅटिन गुळगुळीत लागतं, पण घाम शोषत नाही. काखेत झिप किंवा बारीक भोकांची पट्टी मागा, हवा खेळते. पुढची झिप धातूची, आठ नंबरची, आणि खालूनही उघडणारी असली तर बसल्यावर कमरेला मोकळं होतं. तिरप्या झिपेची जॅकेटं तुम्ही पाहिली असतील. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी 1928 मध्ये मोटारसायकलवाल्यांसाठी झिपेचं जॅकेट काढलं, तिथून ही चाल आली. तिरप्या झिपेमुळं छातीवर चामड्याचे दोन थर येतात, वारं आत शिरत नाही. हायवेला उत्तम. गावात फिरायला साधी सरळ झिप आणि उभी कॉलर बास. पाठीत खांद्यांच्या मागं प्लेट, म्हणजे दुमडलेली चुणी, ठेवायला सांगा, हात पुढं गेला की ती उघडते.

खिसे आतून दोन, बाहेरून झिपवाले दोन. आणि खिशांचा विषय निघालाच आहे तर बोलते. सोलापुरात एवढे युनिफॉर्म शिवले जातात आणि मुलींच्या युनिफॉर्मला धड खिसा नसतो. मुलाच्या पँटला दोन बाजूला दोन, मागं एक. मुलीनं रुमाल आणि बसचे पैसे ठेवायचे कुठं? एका खिशाला कापड लागतं किती? शाळांनी मागितला तर आपले कारखाने आनंदानं लावतील. शाळेच्या पालक सभेत हे कुणीतरी बोला. मी प्रत्येक ठिकाणी बोलते.

जॅकेट घरी आलं की रुंद खांद्याच्या हँगरला टांगा, वर जुन्या सुती साडीचं आवरण घाला. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते. भिजलं तर सावलीत वाळवा. उन्हात टाकू नका, इस्त्री लावू नका, चामड्यातलं तेल आटतं आणि तडे जातात.

आणि पार्सल उघडल्या दिवशीच, टॅग काढायच्या आधी, जॅकेट घालून गाडीवर बसा. झिप गळ्यापर्यंत लावा, हँडल धरा, मान डावीकडं-उजवीकडं वळवा. बाही मनगटाच्या हाडाच्या वर गेली, किंवा कॉलर गळ्याला लागली, तर दोन दिवस घालून बघू म्हणू नका. कोपराला एकदा वळ्या पडल्या की ते वापरलेलं दिसतं आणि कुणी परत घेत नाही. त्याच दिवशी, वळ्या पडायच्या आधी परत पाठवा, सोबत गाडीवर बसून घेतलेलं माप लिहून पाठवा.

नमस्कार.