सहा गावं, एक पाळक आणि तोही अर्धवेळ

सलाम सगळ्यांना. अध्यक्ष महाराज, पंचमंडळी, पुढं बसलेल्या आयाबाया, आणि मागं दारात मोटरसायकलच्या चाव्या हातात घेऊन उभी असलेली पोरं, तुम्ही पण आत या, सतरंजीवर जागा आहे. मला विषय दिलाय ग्रामीण मंडळ्यांसाठी, म्हणजे खेड्यातल्या चर्चसाठी, अर्धवेळ पाळकाची, म्हणजे पास्टरची, निवड आणि वेळ दिलाय चाळीस मिनिटं. विषय मीच मागून घेतलाय हे आधी सांगतो, कारण गेली अकरा वर्षं मी आपल्या पास्टरेटच्या, म्हणजे एका पाळकाखालच्या सहा मंडळ्यांच्या, कमिटीचा सेक्रेटरी आहे आणि ह्या एका गोष्टीनं माझी झोप उडवलीय.

परिस्थिती तुम्हाला माहितेय. आपल्या सहा गावांच्या सहा मंडळ्या, मोठीत चाळीस घरं, लहानीत सात. आधीचे पाळकसाहेब बदलून गेले त्याला चौदा महिने झाले. सहा गावांची वर्गणी, दानपिशवी, पीक-सणाच्या लिलावाचे पैसे सगळे एकत्र केले तरी पूर्ण पगार निघत नाही, ह्या साली तर पावसानं बाजरीच गेली. वरून, बिशपसाहेबांकडून, निरोप आला की पूर्णवेळ माणूस देता येणार नाही, अर्धवेळ कोणी मिळाला तर तुम्हीच बघा. मग आम्ही बघायला लागलो.

तीन जण येऊन गेले. त्यातला एक पोरगा मला फार आवडला होता, पुण्याच्या सेमिनरीत शिकलेला, सेरामपूरची बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, झालेला. आमच्या एका आजीबाईंनी लगेच विचारलं, श्रीरामपूरला कधी सुरू झालं बीडीचं कॉलेज, आमचा नातू तिथंच बारावीला आहे. बाई, ते बंगालमधलं सेरामपूर, मिशनरी विल्यम कॅरीसाहेबांचं. तर त्या पोरानं दोन दिवस राहून सगळी गावं पाहिली, पाळकगृहाचं गळकं छत पाहिलं, आणि जाताना मला चार प्रश्न विचारले. बायको पुण्यात नर्स आहे, तिला इथं नोकरी मिळेल का? मुलीला शाळा कोणती? शेवटच्या गावाचा रस्ता पावसाळ्यात चालू असतो का? आणि अर्धवेळ म्हणजे नक्की किती वेळ? पहिल्या तीन प्रश्नांना मी कशीबशी उत्तरं दिली. चौथ्याला माझ्याकडं उत्तरच नव्हतं. तो आला नाही, आणि मी त्याला अजिबात दोष देत नाही. अर्ध्या पगारावर पूर्ण काम करून घ्यायचं हे आपल्या मनात होतं, त्यानं ते ओळखलं.

आता ह्या चौदा महिन्यात काय झालं ते सांगतो. आपल्या टेकडीच्या गावातली पोर, तिला पहिला मुलगा झाला. घरच्यांची इच्छा की बाप्तिस्मा गावच्याच देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, व्हावा, नगरला जाऊन नको, कारण त्या देवळाचे दगड त्या मुलाच्या पणजोबांनी डोक्यावरून वाहिलेत. बरोबर आहे त्यांचं. मी शेजारच्या पास्टरेटच्या पाळकांना फोन केला, त्यांच्याकडंच आठ गावं, ते म्हणाले पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं दोन लग्नं आणि एक मयत. मग आले ऊसतोडीचे दिवस. दिवाळी झाली की मुकादम गाडी घेऊन दारात, उचल घेतलेली असते, थांबता येत नाही, नवराबायको बाळाला घेऊन कारखान्यावर गेले. नाताळ कोपीवरच, तिथल्या झोपडीतच, झाला त्यांचा. परत आले एप्रिलमध्ये. तोवर ईस्टर होऊन गेलेला. मग लग्नसराई. शेवटी तारीख मिळाली जूनच्या पहिल्या रविवारी, आणि त्या दिवशी पाळकांनी नाव घेऊन बोलावलं तेव्हा ते बाळ आईच्या कडेवरून खाली उतरलं आणि स्वतःच्या पायानं चालत पुढं आलं! आणि पाणी डोक्यावर पडल्यावर मोठ्यानं म्हणालं, अजून. सगळी मंडळी हसली, मी पण हसलो, तुम्ही पण हसताय. पण घरी येऊन मी गप्प बसून होतो. एका बाळाला चालता येईस्तोवर आपण वाट पाहायला लावली.

आणि हे बाळाचं झालं. त्याच उन्हाळ्यात आपल्या एक म्हाताऱ्या बाई आजारी पडल्या, सहा आठवडे अंथरुणावर होत्या, आणि रोज एकच विचारायच्या, प्रभुभोजन कधी? मी त्यांच्या उशाशी बसून वचन वाचलं, प्रार्थना केली, ‘उपासना संगीत’ ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातली त्यांची आवडती गाणी म्हणली. भाकर आणि द्राक्षरस मला देता येत नव्हता, आपल्या सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, ते काम दीक्षा घेतलेल्या प्रेस्बिटरचं, म्हणजे पाळकाचं, आहे आणि तो नियम मी मानतो. पाळक पोचले तेव्हा त्यांना दफनविधीच करावा लागला.

म्हणून मला मास्तरांची आठवण येते. पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांना मास्तर म्हणलं की काय ते कळतं. मिशनची शाळा, एकच खोली, चौथीपर्यंत. आठवडाभर तेच मास्तर पाढे शिकवायचे, रविवारी त्याच खोलीत भक्ती चालवायचे. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर हातोडी मारली की आमची घंटा. कुणाचं पत्र लिहायचं, कुणाला तापाची गोळी द्यायची, भावाभावाच्या बांधावरच्या भांडणात मधे उभं राहायचं, सगळं मास्तर. बायकांकडं बायबलबाई जायच्या, पायी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि बाळंतिणीसाठी ओवा. आणि खरे पाळक तीन महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, प्रभुभोजन द्यायचे, जेवायचे, जायचे. तेव्हा लहानपणी मला वाटायचं की मास्तर म्हणजेच पाळक आणि ते सायकलवाले कुणीतरी पाहुणे. आज मला वाटतं की माझं लहानपणीचं तेच बरोबर होतं. गावची मेंढरं ओळखणारा माणूस गावातच होता, फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवून कुणी त्याला पाळकाची दीक्षा दिली नव्हती.

इथं थोडा इतिहास सांगतो, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत पण हा भाग महत्त्वाचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला नगरला आले, आणि ही मंडळी काँग्रिगेशनल पद्धतीची होती. म्हणजे काय, तर प्रत्येक मंडळीनं आपला पाळक स्वतः निवडायचा, बोलवायचा. वरून नेमणुकीचा कागद यायचा ही सवय आपल्या आजोबांना नव्हती. १८५४ मध्ये नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, इथलीच माणसं, इथल्याच मंडळ्यांसाठी. पुढं एसपीजीवाले, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे लोक, आले, त्यांच्याकडं बिशपची पद्धत, मग काही गावात एकीकडं अमेरिकन मिशनची भक्ती आणि दुसरीकडं एसपीजीची, आणि पाहुण्यानं विचारायचं की तुम्ही कुठले. १९२४ ला आपण युनायटेड चर्चमध्ये गेलो, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झालं आणि सगळे एका छपराखाली आले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण एकत्र येताना पाळक आपण निवडायचा ही जबाबदारी आपण खाली ठेवून दिली आणि पुन्हा उचललीच नाही. आता आपण वाट बघतो की वरून कोण येतं, आणि आलेल्यात खोट काढतो.

आणि पगाराचं म्हणाल तर नारायण वामन टिळकांचं उदाहरण ह्याच नगरचं आहे. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, इथं राहून शिकवलं, अभंग लिहिले, आणि १९१७ ला मिशनचा पगार सोडून दिला. साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांना दिसत होतं की परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी आपल्या लोकांना परकी वाटते. शंभर वर्षांहून जास्त झाली, तो पैसा केव्हाच आटला, तरी आपण अजून त्याच पद्धतीचा पाळक मागतोय, बंगली, पगार, बदली.

ह्याच्याही मागं जा. बायबलमधला प्रेषित पौल करिंथमध्ये काय करत होता? प्रेषितांची कृत्ये अठरावा अध्याय, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. कामकऱ्याला मजुरी मिळायलाच पाहिजे हे तोच सांगतो, आणि स्वतः मात्र हातानं कमावतो. आणि तीत ह्या आपल्या सोबत्याला तो लिहितो की गावोगाव वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नेम. बाहेरून माणसं मागवून नेम असं लिहिलेलं नाही.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मागच्या साली तिच्याकडं गेलो होतो तेव्हा खेड्यातल्या चर्चला जायचो. आठ-नऊशे वर्षांची दगडी देवळं, आत रविवारी बारा माणसं, आणि एका पाळकबाईकडं सात गावं. आपली गोष्ट तिथं पण आहे हे बघून मला नवल वाटलं. त्यांच्याकडं एक पद्धत आहे, हाउस फॉर ड्यूटी म्हणतात, म्हणजे राहायला घर द्यायचं, पगार नाही, आणि बदल्यात रविवार आणि आठवड्यातले दोन दिवस काम. बहुतेक निवृत्त पाळक ते घेतात. घराच्या बदल्यात काम हे आपल्याकडं जमेल असं नाही, आपल्या पाळकगृहात तर आधी पत्रे बदलावे लागतील, पण मला आवडलं ते हे की दिवस मोजून ठरवलेत. आणि जागा रिकामी झाली की मंडळीच बसून स्वतःबद्दल लिहून काढते, आमची गावं अशी, माणसं इतकी, छत गळतंय, आम्हाला हे येतं, हे येत नाही, आम्हाला असा माणूस हवा. अजून एक, लंडनच्या सदर्क भागात १९६० पासून असा कोर्स सुरू झाला होता की माणसानं आपली नोकरी चालू ठेवून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी शिकायचं आणि दीक्षा घ्यायची. नोकरीवाल्या माणसाला पाळक करायचं म्हणजे काहीतरी जगावेगळं असं कुणी म्हणू नये म्हणून सांगितलं.

चिठ्ठी आलीय, आठ मिनिटं राहिलीत. ठीक आहे, आता जे सांगायला उभा राहिलो ते भरभर सांगतो.

माझं म्हणणं इतकंच की आपण जाहिरात बंद करू आणि आपल्याच सहा गावांतून माणूस शोधू. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढचा, पोटापाण्याचं साधन असलेला, ज्याला लोक आत्ताच घरी बोलावतात. शिक्षक असेल, दूधडेअरीवर असेल, शेती करत असेल. आणि बाई का नको? सीएनआयमध्ये बायकांना दीक्षा मिळते, आपल्या बायबलबायांनी हे काम पायी फिरून केलंय, तुमच्यात दोन-तीन जणी अशा आहेत की मयतीला पाळकाआधी त्यांनाच निरोप जातो. अशा माणसाला चार वर्षं सेमिनरीत बसवता येणार नाही, म्हणून बिशपसाहेबांना आपण लेखी विनंती करू की दोन-तीन वर्षं महिन्यातले दोन शनिवार-रविवार शिकवा, परीक्षा घ्या, कडक घ्या, आणि योग्य वाटला तर दीक्षा द्या, पण ह्याच सहा गावांसाठी, बदली नको. अर्धवट शिकलेला पाळक आम्हाला नकोय, हे त्या विनंतीत मी स्वतः लिहिणार आहे, कारण खेड्यातल्या लोकांना काहीही चालतं ही समजूत मला सगळ्यात जास्त लागते.

आता अर्धवेळ म्हणजे किती, त्या पोराचा चौथा प्रश्न. रविवार अधिक दोन दिवस. मयत आणि आजारपण कधीही. बाकी काही नाही. म्हणजे देवळाच्या जागेचा सातबारा, अतिक्रमणाची तक्रार, तलाठी, धर्मादाय आयुक्तांकडचे हिशोब, हे सगळं पाळकाच्या डोक्यावरून काढून कमिटीनं घ्यायचं. आधीच्या पाळकसाहेबांचे किती दिवस तहसीलच्या बाकड्यावर गेले ते मी पाहिलंय, मीच सोबत असायचो. पेट्रोल आणि मानधन दर महिन्याच्या पाच तारखेला हातात, मागायला लागता कामा नये. रविवारची भक्ती प्रत्येक गावात होईल, पण पाळक एका रविवारी दोनच गावांत, उरलेल्या चार ठिकाणी गावचे लोक चालवतील, त्यासाठी प्रत्येक गावातून दोन वाचक तयार करायचे. बाजाराच्या गावात भक्ती संध्याकाळी ठेवायची, रविवारच्या बाजारात भाजी विकणारी बाई सकाळी देवळात कशी येणार? आणि प्रभुभोजनाचं वर्षाचं वेळापत्रक ऊसतोड बघून लावायचं, दसऱ्यानंतर गाड्या निघायच्या आधी एक आणि परत आल्यावर एक, आणि जमलं तर पाळकानं नाताळात एक फेरी कारखान्याच्या तळावर मारायची. आपली निम्मी मंडळी नाताळात तिथंच असते.

बाहेरून कुणी यायला तयार झाला तर? जरूर यावा, त्याला आपण ह्याच अटी दाखवू, लपवाछपवी नको.

दोनच मिनिटं. सहा गावांसाठी सहा कागद आणलेत, त्यावर सगळ्यात वर फक्त एक प्रश्न आहे, तुमच्या गावात अडचणीला लोक कुणाकडं जातात? खाली जागा मोकळी आहे, नावं लिहा, एकच नको, दोन-तीन लिहा, त्या माणसाला न विचारता लिहिलीत तरी चालेल, विचारायला मी जाईन. कागद चहाच्या टेबलाशी ठेवलेत, पेन सुतळीनं बांधलाय. टेकडीच्या गावचं अजून कुणी आलेलं दिसत नाही, त्यांची एसटी आता पोचेल, त्यांचा कागद राखून ठेवा.