वरून बिल आलं नाही

(दृश्य : सकाळचा मजूर नाका. थापी, ओळंबा, जेवणाचे डबे.)

"वरून बिल आलं नाही." बांधकामावर मजुरी थकली की पहिल्यांदा हेच ऐकू येतं. मुकादम पोटठेकेदाराकडे बोट दाखवतो, पोटठेकेदार मोठ्या ठेकेदाराकडे, मोठा ठेकेदार बिल्डरकडे. तोवर स्लॅब भरून झालेला असतो, प्लास्टर वाळलेलं असतं, फ्लॅटची बुकिंगही सुरू असतात. हजेरीच्या वहीतली बाकी तेवढी तशीच.

कायदा ही सबब मानत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी पाळी संपताना मिळायला हवेत. आठवड्याचे पैसे आठवड्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. कामावरून काढलं किंवा आपण सोडलं, तर कामकाजाच्या दोन दिवसांत सगळा हिशेब. आणि ठेकेदाराने हात वर केले, तर ज्याच्या आस्थापनेत काम केलं त्या मालकावर पैसे देण्याची जबाबदारी येते. बिल कुठे अडकलं, ते त्यांनी आपसात बघावं.

(दृश्य : मोबाइलवरचे मेसेज. साइटच्या गेटवरचा फलक.)

पण दाद मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो : तुम्ही तिथे काम केलंत, याला पुरावा काय? नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही. मग हातात आहे ते जपायचं. मुकादमाने व्हॉट्सॲपवर टाकलेली हजेरी, आधीच्या उचलीचे फोनवर आलेले पैसे, गेटपास, साइटवर काढलेले फोटो, बरोबरीच्या गड्यांची नावं. गेटवरच्या फलकाचा फोटो तर आधी काढा. बिल्डरचं आणि मोठ्या ठेकेदाराचं नाव बहुधा तिथेच सापडतं. स्वतःच्या वहीत रोजची तारीख आणि काम लिहून ठेवा. कोऱ्या व्हाउचरवर अंगठा किंवा सही मात्र कधीच नको. काम केल्याचं दिसलं, की पैसे चुकते केले हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात पडतं.

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा "हा दिवाणी मामला" म्हणून परत पाठवतील. खरी जागा कामगार आयुक्तांचं कार्यालय. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. काम रेल्वे, मोठं बंदर किंवा खाणीचं असेल, तर केंद्रीय कामगार आयुक्तांकडे. एकाच साइटवरच्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो, युनियनलाही तो करता येतो. एकट्याने जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण एकट्या गड्याला उद्या नाक्यावर कामाला कोणी उचलायचं नाही ही भीती खरी असते. दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे. आधीच्या वेतन प्रदान कायद्यात ती एकच वर्ष होती, आणि पेरणीला गावी गेलेला माणूस परत येईपर्यंत त्यातले महिने सरायचे. वकिलाची गरज पडली तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

(दृश्य : बाजार समितीत पोती उतरवणारे माथाडी.)

मुंबईच्या हमालांनी या दुखण्याचं मूळच धरलं. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून त्यांनी 1969 चा माथाडी कायदा मिळवला. नोंदलेला व्यापारी मजुरीचे पैसे माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ते कामगाराला देतं. मुकादमाच्या खिशातून पैसा फिरतच नाही. बांधकाम मजुरासाठीही कल्याणकारी मंडळ आहे. तिथून भांड्यांचा संच मिळतो, थकलेली मजुरी नाही. माथाड्यांसारखी सोय बांधकामाला का नको, हे सरकारला विचारायलाच हवं.

(दृश्य : कार्यालयाबाहेर बसलेली माणसं.)

दाव्याचा निकाल तीन महिन्यांत लागावा असं संहिता सांगते. तारखा लांबतात, हेही खरं. नोटीस गेली की ठेकेदार तडजोडीला येऊ शकतो. आलाच तर आकडा कागदावर घ्या, पैसे बँकेत घ्या, आणि ते जमा होईपर्यंत अर्ज मागे घेऊ नका. तडजोड झाली नाही, तर अधिकारी थकीत रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतात. तरीही मालक देत नसेल, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करतात तशी ती रक्कम वसूल होते.