‘कशातच राम राहिला नाही’ हे अ‍ॅपला कळतं का?

मंडळी, मनाच्या आरोग्याची अ‍ॅप्स का वाढली, यावर फार वेळ घालवत नाही. आपल्याकडे लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सात ते नऊ जण उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. मोबाइल मात्र उशाशी असतो, आणि तो कुणाला काही सांगत नाही असं आपण धरून चालतो. त्याकडे नंतर येऊ.

अ‍ॅपच्या आत साधारण तीन गोष्टी असतात: प्रश्नावली, व्यायाम आणि गप्पा मारणारा चॅटबॉट.

प्रश्नावली बहुधा पीएचक्यू-९ असते, नैराश्य किती आहे ते पाहणारी. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं. पण लोक ती रोज भरतात. प्रश्न पंधरवड्याचा आणि उत्तर आजच्या मूडचं. मग आलेख शेअर बाजारासारखा नाचतो आणि त्याचीच धास्ती बसते. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. याहून मोठी चूक म्हणजे नुसती बेरीज पाहणं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज सहाच असली, पण त्यात नवव्याचा एक गुण असला, तर ‘सौम्य’ या शब्दावर विसंबू नका. त्याच दिवशी जित्याजागत्या माणसाशी बोला. उलट थकवा, झोप, भूक यांचे गुण थायरॉइड बिघडल्यावर किंवा हिमोग्लोबिन उतरल्यावरही चढतात. त्यामुळे डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर टाळाटाळ नको.

श्वासाचा व्यायाम सोपा: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. घेरी आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास ओढून ओढून घेतला जातोय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतोय असं समजा. श्वास नेहमीएवढाच घ्या, सोडताना तेवढा सावकाश सोडा.

खरा ऐवज विचारांच्या नोंदीत, म्हणजे मनात आलेला विचार लिहून तो पारखण्यात आहे. मराठी माणसाला ती अगदीच परकी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत केव्हाच आणली. समजा, साहेबांनी मेसेज वाचला, निळी खूण दिसली, उत्तर नाही. विचार आला: ‘माझ्यावर डूख धरलाय.’ भीती शंभरात ८०. आता बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, पर्यायी विचार आणि पुन्हा भीतीचा आकडा. गाडी अडते ती पुराव्याच्या रकान्यात. तिथे लोक ‘मला तसं वाटतंय’ असं लिहितात. पुरावा म्हणजे कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच. पर्यायी विचारही ‘सगळं छान होईल’ असा गुळमुळीत नको, त्यावर आपलंच मन विश्वास ठेवत नाही. ‘मीटिंगमध्ये असतील, संध्याकाळी विचारतो’ एवढं बास. ८० चे ५० झाले की काम झालं. शून्य होत नाही म्हणून वही मिटणारे फार. २०१९ साली ९३ अ‍ॅप्सचा वापर मोजला गेला, तेव्हा महिन्याभरानंतरही अ‍ॅप उघडणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३.३ टक्के निघालं.

आता चॅटबॉट. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी केलेली ‘एलायझा’ आपलंच वाक्य उलटून प्रश्न करायची, तरी लोक तिच्यापाशी मन मोकळं करायचे. आजचे बॉट हुशार आहेत, पण एक चाचणी घ्याच. मराठीत लिहा: ‘आता कशातच राम राहिला नाही.’ मग तेच रोमन अक्षरांत लिहा, कारण रात्री आपण तसंच टाइप करतो. चांगला बॉट सरळ विचारतो, ‘मरणाचे विचार येतात का?’ आणि मदतीचा क्रमांक देतो. रामनामाचं महत्त्व किंवा सुविचार आला, तर ते अ‍ॅप वाईट रात्रीसाठी नाही. अमेरिकेत खाण्याच्या विकारांच्या रुग्णांसाठी ठेवलेला ‘टेसा’ हा बॉट वजन उतरवण्याचे सल्ले देऊ लागला आणि २०२३ मध्ये बंद करावा लागला. अशा रात्रीसाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मोबाइल कुणाला सांगत नाही, हा समज. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका अमेरिकी व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचं बंधन आहे ते उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर. बॉट त्यात बसतो असं धरू नका. श्वास शिकवणाऱ्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन कशाला लागतात? परवानगी नाकारा. नाकारल्यावर चालत नसेल तर दुसरं शोधा.

आणि अ‍ॅप काढून टाकलं की लिहिलेलं पुसलं जातं, असं नाही. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करायचं, सापडत नसेल तर कंपनीला ईमेल करून माहिती पुसायला सांगायची, मग अ‍ॅप काढायचं. वर्गणी प्ले स्टोअरमधून वेगळी बंद करावी लागते, नाहीतर अ‍ॅप गेल्यावरही पैसे कापले जातात.