कमी त्रिकोणांचे मोठे रणांगण

काहीही इन्स्टॉल न करता, ब्राउझरच्या एका टॅबमध्ये फुकट खेळता येणाऱ्या लो-पॉली, म्हणजे मोजक्याच त्रिकोणांच्या पृष्ठांतून वस्तू घडवणाऱ्या, शूटर गेमविषयी आज बोलायचे आहे. त्यातही अशा गेमविषयी, ज्यांत बंदूक घेऊन धावणाऱ्या सैनिकांच्या जोडीला रणगाडे, जीप आणि हेलिकॉप्टरही असतात. असा एखादा गेम पाहिला की बहुतेकांचे पहिले मत एकच होते: बनवणाऱ्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने ठोकळे जोडून रणगाडा केला. पैसे नसतीलही. माझे म्हणणे मात्र असे आहे की, ब्राउझरमध्ये रणगाडा आणायचा तर तो ठोकळ्यांचा असण्यातच शहाणपण आहे, आणि त्यामागची कारणे पाहिली की या गेमच्या रचनेचा बराचसा उलगडा होतो.

पायदळ आणि वाहने एकाच मोठ्या मैदानावर उतरवण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या डाइस या स्टुडिओने २००२ मध्ये ‘बॅटलफील्ड १९४२’ आणला आणि ६४ खेळाडूंचे असे सामने घरोघरी पोहोचले. ब्राउझरला ही वाट बराच काळ बंद होती. ब्राउझरला ग्राफिक्स कार्डाकडून त्रिमितीय चित्र काढून घेऊ देणाऱ्या वेबजीएलची पहिली आवृत्ती मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे त्रिमितीय गेमसाठी वेगळे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्राम, बसवावे लागे, आणि २०१५ मध्ये क्रोमने त्या जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधारच काढून घेतला. खरा फरक पडला तो २०१७ मध्ये. त्या वर्षी वेबजीएल २ आले आणि वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगाने चालणारा कोडचा प्रकार, सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये पोहोचली. युनिटीसारख्या इंजिनात (गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) तयार केलेला गेम पुरेशा वेगाने थेट पानावर चालवणे त्यानंतरच व्यवहार्य झाले.

आता त्रिकोणांकडे येऊ. त्रिकोण कमी म्हणून गेम हलका, असे सरसकट सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. आजचे साधे ग्राफिक्स कार्डही लाखो त्रिकोण सहज रंगवते. महाग पडतात त्या कार्डाला दिलेल्या ‘हे काढ, आता ते काढ’ अशा सूचना, म्हणजे ड्रॉ कॉल. ब्राउझरमध्ये त्या अधिकच महाग पडतात, कारण अनोळखी पानावरून आलेली प्रत्येक सूचना सुरक्षिततेसाठी तपासूनच पुढे पाठवली जाते. लो-पॉली शैलीचा मोठा फायदा नेमका येथे आहे. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र टेक्स्चर, म्हणजे पृष्ठावर चिकटवायचे चित्र, लागत नाही. रंगांच्या चौकोनांचे एकच छोटे चित्र सर्व वाहनांना, घरांना आणि सैनिकांना पुरते, त्यामुळे सर्वांचे मटेरियल (पृष्ठ कसे रंगवायचे याची मांडणी) एक होते आणि एकाच झाडाच्या हजार प्रती एका सूचनेत काढता येतात. डाउनलोडचा मोठा भार टेक्स्चरचा असतो, तोही टळतो. फुकट गेमसाठी पान उघडणारा माणूस लोडिंगची पट्टी फार वेळ पाहत बसत नाही, हे लक्षात घेतले तर ही बचत किती मोलाची आहे ते कळेल. (जाता जाता एक गंमत: धारदार कडांचा हा देखावा शिरोबिंदूंच्या हिशेबात स्वस्त नसतो. घनाला कोपरे आठ, पण प्रत्येक पृष्ठ वेगळ्या उजेडात दाखवायचे तर २४ शिरोबिंदू साठवावे लागतात.)

वाहने आली की अंतरे वाढतात. १०८० ओळींच्या पडद्यावर, दृश्याचा उभा कोन ६० अंश धरला, तर ४०० मीटरवर उभा असलेला माणूस जेमतेम चार पिक्सेल उंच दिसतो आणि सात मीटर लांबीचा रणगाडा सोळा पिक्सेल. चार पिक्सेलांत गणवेशाच्या घड्या दाखवण्याला काही अर्थ नाही. तेथे कळायला हवे ते एवढेच की तो आपला आहे की शत्रूचा. म्हणूनच या गेममध्ये एक पक्ष ठळक निळा आणि दुसरा ठळक लाल असतो, आणि तो भडकपणा मला मुळीच खटकत नाही. खटकते ते वेगळेच: अनेक ठिकाणी कमी क्षमतेच्या संगणकासाठी गवत बंद करण्याची सोय असते, आणि मग गवतात लपलेला खेळाडू समोरच्याला मोकळ्या मैदानात पडलेला दिसतो. आडोसा द्यायचा तर तो सर्वांना सारखा दिसेल असाच द्यावा, मग तो एक ओबडधोबड दगड का असेना.

इथवरचे प्रश्न चित्राचे होते आणि ते सुटतात. नेटवर्कचा प्रश्न मात्र त्रिकोण कमी करून सुटत नाही, आणि मोठ्या लढाईची खरी मर्यादा तीच आहे. ३२ खेळाडूंच्या सामन्यात प्रत्येकाला उरलेल्या ३१ जणांची खबर द्यायची, तर खबर पाठवण्याच्या प्रत्येक फेरीत सर्व्हरला ९९२ नोंदी पाठवाव्या लागतात. खेळाडू ६४ केले की नोंदी ४०३२ होतात. खेळाडू दुप्पट, काम चौपट. म्हणून दूरच्या खेळाडूंची खबर कमी वेळा पाठवतात आणि आकडे आखडून पाठवतात: दोन किलोमीटरच्या मैदानावर १६ बिटांत जागा नोंदवली तर अचूकता सुमारे तीन सेंटिमीटर मिळते, आणि ती पुरेशी असते. शिवाय ब्राउझर आणि सर्व्हर यांना सतत जोडून ठेवणारे वेबसॉकेट टीसीपीवर, म्हणजे माहितीचे तुकडे (पॅकेट) क्रमानेच पोहोचवणाऱ्या नियमावर, चालते. एक पॅकेट हरवले की मागची सगळी त्याच्यासाठी थांबून राहतात. वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या दुसऱ्या संपर्कपद्धतीच्या डेटा चॅनेलने हे टाळता येते, पण मांडणी किचकट होते.

वाहनांमुळे हा विलंब उघडा पडतो. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारे हेलिकॉप्टर १०० मिलिसेकंदांत पाच मीटर पुढे जाते. तेवढ्याच वेळात धावता सैनिक अर्धा-पाऊण मीटर सरकतो. सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आपली हालचाल आपल्याच संगणकावर आधी दाखवण्याचे तंत्र १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’ या शूटर गेमपासून रूढ आहे, परंतु ते धावणाऱ्या माणसाला जितके सोपे जाते तितके चाके, स्प्रिंग आणि वजन असलेल्या गाडीला जात नाही. दोन खेळाडूंचे रणगाडे एकमेकांवर आदळले, तर दोघांच्या पडद्यांवर वेगवेगळी टक्कर दिसू शकते. यावर सोपा उपाय म्हणून चालकाच्या संगणकाचे म्हणणे खरे मानतात. पण ब्राउझरमधला सगळा कोड खेळाडूच्याच हाती असल्याने उडणारी जीप करायला एखाद्या लबाडाला फार वेळ लागत नाही. निर्णय सर्व्हरकडेच ठेवावा आणि गाडीची चाल साधी, अंदाज बांधता येईल अशी ठेवावी, हेच मला योग्य वाटते.

ब्राउझरच्या स्वतःच्या खोडी वेगळ्याच. वाकण्यासाठी कंट्रोल आणि पुढे जाण्यासाठी डब्ल्यू ही संगणकावरच्या शूटरची रुळलेली बटणे आहेत. ब्राउझरमध्ये ती एकत्र दाबली की टॅबच बंद होतो. म्हणून वाकण्यासाठी दुसरे बटण नेमावे लागते. टॅब मागे गेला की चित्र काढणे थांबते, आणि हेलिकॉप्टरचा पायलट दुसरे पान पाहत असताना प्रवासी हवेत अधांतरी राहतात.

यातून फुकट गेमचा खास प्रश्न पुढे येतो: लोक अधेमधे येतात आणि क्षणात जातात. ६४ जणांसाठी आखलेल्या मैदानावर नऊ जण उरले, तर शत्रू शोधण्यातच वेळ जातो. २०१७ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आलेल्या ‘रेव्हनफील्ड’ने, जो ब्राउझरमधला नसला तरी याच शैलीतला आहे, खेळाडू एकच ठेवला आणि दोन्ही फौजा बॉटनी, म्हणजे संगणकाने चालवलेल्या सैनिकांनी, भरल्या. ब्राउझरमधल्या गेमनीही रिकाम्या जागी बॉट उतरवावेत, चालकाविना पडलेला रणगाडा थोड्या वेळाने तळावर परत न्यावा, आणि खेळाडू कमी असताना हेलिकॉप्टर देऊच नये. कारण ते पाडण्यासाठी रॉकेट घेऊन थांबायला पायदळात माणूसच उरलेला नसतो.