जरा थांबा, ते बोलताहेत

मंडळी, ‘मौन आणि संवाद’ हा विषय मला दिला गेला, तेव्हा मी आधी बिचकले. मौनावर अधिकाराने बोलणारी माणसं आपल्या भागात पुष्कळ आहेत. मी स्पीच थेरपिस्ट आहे. लकव्यानंतर ज्यांची वाचा गेली, अशांच्या सोबतीत माझा दिवस जातो. त्यांनी मौन धरलेलं नसतं. एखाद्या सकाळी उठावं आणि तोंडात शब्दच नसावा, तशी ती गत असते. त्यांच्याजवळ बसून मला जे उमगलं, तेवढंच आज सांगते.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, पलीकडे छिंदवाडा-बालाघाटपासून पेशंट येतात. बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे रक्तपुरवठा तुटलेला असतो. उजवा हात-पाय लुळा पडतो आणि भाषाही हातातून सुटते. याला अफेजिया म्हणतात. जीभ हलते, आवाज निघतो, पण हवा तो शब्द सापडत नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनने अशा एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याच्यापाशी ‘तान’ एवढा एकच उच्चार उरला होता. काहीही विचारा, उत्तर ‘तान, तान’. पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळत होतं आणि डाव्या हाताच्या खुणांनी तो उत्तरंही देत होता.

घरच्यांना नेमकं हेच पटत नाही. ‘यांना आता काही समजत नाही’ असं ते पेशंटच्या देखत म्हणतात. मग मोठ्या आवाजात, लहान लेकराशी बोलावं तसं बोलायला लागतात. साठ-सत्तर वर्षांचा, आख्खं घर चालवलेला माणूस हे ऐकत पडलेला असतो. अफेजियात समज किती शाबूत राहते हे माणसागणिक बदलतं, ते तपासावं लागतं. पण न तपासता ‘समजत नाही’ म्हणून मोकळं होणं हा मला अन्याय वाटतो, आणि तो रोज होताना दिसतो.

असं का होतं? माया नसते म्हणून नव्हे. दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मध्ये सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात दिसलं. जपानी माणसं सगळ्यांत चटकन उत्तर देणारी, डॅनिश सगळ्यांत सावकाश, तरी दोघांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. आपल्या सगळ्यांचा कान या वेगाला सरावलेला आहे. त्यामुळे समोरचा दोन सेकंद गप्प राहिला की आपल्याला कसंसंच होतं. अफेजिया झालेल्या माणसाला कधी दहा, कधी वीस सेकंद लागतात. तेवढ्यात बायको एक शब्द सुचवते, मुलगा दुसरा, सून तिसरा. त्याच्या मनात जुळत आलेलं वाक्य या गलक्यात पुन्हा विस्कटतं. तो वैतागून मान वळवतो आणि घरचे म्हणतात, ‘पाहा, हल्ली चिडचिड फार करून राहिले.’

काटोलकडचे एक शेतकरी होते, संत्र्याचा बगीचा होता त्यांचा. लकव्यानंतर ‘हो ना’ एवढे दोनच शब्द उरले होते. मे महिना, नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. खोलीत कूलर घरघरत होता. काका डाव्या हाताने पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवत आणि ‘हो ना, हो ना’ म्हणत. काकूंनी पेला तोंडाशी नेला की मान फिरवत. हे दोन दिवस चाललं होतं. ‘पाणी मागते अन् पीत नाही,’ काकू रडकुंडीला आल्या होत्या.

मी आधी कूलर बंद केला. हे मी नेहमीच करते आणि तुम्हीही करा. टीव्ही, कूलर, मोबाईल, सगळं बंद. अशा माणसाला आवाजातून आवाज निवडायला फार कष्ट पडतात. मग सगळ्यांना म्हटलं, आता कोणी काही सुचवायचं नाही, फक्त त्यांच्याकडे पाहायचं. काकांनी पेल्यावर तळहात ठेवला. झाकला. मग मुलाकडे पाहिलं. आम्ही गप्प. त्यांनी हात उचलला, हवेत चाक फिरवल्यासारखा फिरवला, परत पेला झाकला, परत मुलाकडे पाहिलं. घाम निथळत होता, सगळ्यांचाच. बऱ्याच वेळाने मुलगा हळूच म्हणाला, ‘बाबा, बगीच्याचं पानी बंद करू का?’

‘हो ना!’

मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा संत्र्याचा बहर, धरायचा तर पावसाआधी झाडांचं पाणी तोडावं लागतं, बगीचा ताणावर सोडावा लागतो. लकवा झाला त्या गडबडीत ते राहून गेलं होतं आणि मोटर चालूच होती. सगळ्या घरात ते फक्त त्यांच्या ध्यानात होतं. ज्यांना काही समजत नाही म्हणत होते, त्यांच्या.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे शब्दांवाचून काही अडत नाही. ‘संवादात शब्दांचा वाटा सातच टक्के’ हे वाक्य भाषणांत फार फिरतं. ते खरं नाही. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील, तर भावना आपण कशावरून ओळखतो, एवढ्यापुरतेच होते. शब्द गेले की किती जातं, हे माझ्या पेशंटना विचारा. काकांचे दोन दिवस गेले एका वाक्यासाठी. खूण, नजर, चित्र, स्पर्श यांनी वाट काढता येते, पण समोरचा थांबला तरच.

इथून जवळच सेवाग्राम आहे. गांधीजी सोमवारी मौन पाळत. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीची योजना घेऊन माउंटबॅटन समोर बसले होते आणि गांधीजी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने उत्तरं लिहीत होते. व्हाइसरॉयला वाट पाहावी लागली. माझ्या पेशंटसाठी एवढी वाट कोण पाहतं, असं मला नेहमी वाटतं.

स्पर्शाचं थोडक्यात सांगते. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ गतीने हात फिरला तर ते सर्वाधिक जागे होतात. भराभर चोळलं तर तेवढे नाही. आजीचा हात पाठीवरून फिरायचा, तो साधारण याच गतीने. पेशंटला भेटायला गेलात तर पाच मिनिटं असा हात हातात घेऊन बसा. ‘ओळखलं का मला? नाव सांगा माझं’ अशी परीक्षा कृपा करून घेऊ नका.

आणि भजन म्हणा त्यांच्यासोबत. साधं ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस पाठ असलेलं भजन आख्खं म्हणतो, हे पाहून घरचे थक्क होतात. सुरांचं काम मेंदूच्या उजव्या बाजूवर बरंच असतं, ती बाजू शाबूत असते. याच आधारावर बोलणं परत शिकवण्याची एक पद्धत १९७३ मध्ये मांडली गेली. सगळ्यांना तिचा सारखा उपयोग होत नाही, पण करून पाहावी.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. हे सगळं सावकाशपण नंतरचं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की त्या घडीला अजिबात थांबायचं नाही. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. झाडपाला, मालिश, ‘सकाळी पाहू’ यांत ते तास जातात. लगेच १०८ ला फोन लावा, सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या, आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा.