शंभरचा हट्ट

नमस्कार मंडळी. प्रास्ताविक, शाल, नारळ यांतच निम्मा वेळ गेला आणि सचिवांनी मला आत्ताच घड्याळ दाखवलं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘ऑक्सिजन आणि नवजात बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या’. त्यावर येतोच, पण आधी मला जरा भांडायचंय.

२०२१ च्या लाटेत मालवणपासून वैभववाडीपर्यंत घरोघरी ऑक्सिमीटर आला. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की गाडी काढायची, हे सगळ्यांना पाठ झालं. तेव्हा ते बरोबरच होतं. लाट ओसरली, आकड्याची धास्ती मात्र राहिली.

आमच्याकडे एकदा सातव्या महिन्यात जन्मलेलं, सव्वा किलोचं बाळ आलं. गाडीत सिलिंडर पूर्ण उघडा, त्यामुळे वाटभर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा ऑक्सिमीटरवरचा टक्का, शंभर. आम्ही श्वासातून द्यायचा ऑक्सिजन उतरवत तीस टक्क्यांवर आणला आणि मॉनिटर त्र्याण्णववर स्थिरावला. आजोबा काचेबाहेर उभे. बाळाकडे एकदाही बघितलं नसेल, सगळं लक्ष त्या हिरव्या आकड्यावर. “डॉक्टरानू, गाडयेत शंभर होतां, आता त्र्याण्णव कित्याक?” मी म्हटलं, आजोबा, एवढंच हवंय. तर म्हणतात, “माझ्या नातवाचे सात मार्क खंय गेले?”

हसताय, पण तुमच्यातले निम्मे असेच उभे राहाल. संध्याकाळी एका पुढाऱ्याचा फोन: “ऑक्सिजन कमी पडतोय म्हणे, सिलिंडर पाठवू?” पाठवलेही. सोबत फोटोग्राफर. तो पेटीतल्या बाळाचाही फोटो मागत होता, फ्लॅशसकट! सिस्टरनी त्याला ज्या शब्दांत बाहेर काढलं ते या व्यासपीठावरून सांगता येत नाहीत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर.

पोटात बाळाचं फुप्फुस द्रवाने भरलेलं असतं, तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या. पहिल्या श्वासासरशी त्या उघडतात आणि त्यात ऑक्सिजनचा मोठा हात असतो. त्यासाठी बहुतेक बाळांना साध्या हवेतला २१ टक्के पुरतो. निरोगी बाळाचंही सॅच्युरेशन पहिल्या मिनिटाला साठ-पासष्टच असतं, ८५ ते ९५ वर जायला दहा मिनिटं लागतात. दिल्लीचे डॉ. रामजी आणि नॉर्वेचे सॉगस्टाड यांनी १९९३ मध्येच दाखवलं की न रडलेल्या बाळांनाही साध्या हवेने सावरता येतं. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमही तसाच आहे: पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी हवा.

शंभर टक्के ऑक्सिजन दिला की त्यातून सुपरऑक्साइड तयार होतं आणि ते रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. कोकरांना अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन दिला, तर त्यांच्या फुप्फुसाच्या धमन्या नंतर जास्तच आकसू लागल्या. उघडायला दिलेलं औषधच आवळायला लागलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आणखी अवघड, कारण त्याच्या वायुकोशांची आणि केशवाहिन्यांची वाढ व्हायचीच असते. जास्त ऑक्सिजनने ही वाढ घडवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन घटतं. मग वायुकोश थोडे आणि मोठे, रक्तवाहिन्या विरळ, त्यांच्या भिंती जाड, आणि भार हृदयाच्या उजव्या बाजूवर. व्हेंटिलेटर आणि जास्त ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांच्या फुप्फुसाचा हा आजार अमेरिकेचे डॉ. नॉर्थवे यांनी १९६७ साली पहिल्यांदा नोंदवला. डोळ्याच्या पडद्याचं नुकसान वेगळंच.

आणि शंभर हा आकडा फसवा. रक्तातला ऑक्सिजनचा दाब शंभर असो की चारशे, ऑक्सिमीटर शंभरच दाखवणार. म्हणून ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ मध्ये ठेवतात. त्याहून खाली, ८५ ते ८९ वर ठेवलं तर दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढते, म्हणून उद्या ऑक्सिजन बंद करा म्हणूनही येऊ नका! बाळ नुसत्या हवेवर शंभर दाखवत असेल तर खुशाल पेढे वाटा.

हो, हो, थांबतोच. गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला बाळ न्यायचं झालं तर गाडीत हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं ब्लेंडर हवं. तेव्हा देणगीदारांनो, सिलिंडर पुरे झाले, ब्लेंडर द्या. फोटो मी स्वतः काढतो, फ्लॅश न लावता.